घास आणि घोट

भक्षक पेशीला डोळे नसतात, तरी ती पारख करते. देहाच्या अंतर्भागात ती संथपणे सरकत राहते. वाटेत परके काही लागले की अंगाची कड पुढे करून त्याला कवटाळते, पोटात घेते आणि जिरवते. रक्षणाचे हे व्रत ती कोणी न सांगता पाळते. ज्यांनी वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकाखाली तिच्याकडे पाहिले आहे, त्यांचा आवाज तिच्याविषयी बोलताना आपोआप खाली येतो. थोरल्या बाईंचा येत असे.

थोरल्या बाई त्या संस्थेतील पेशीसंवर्धन कक्षाच्या अधिष्ठात्री होत्या. कक्ष लहान, दुहेरी दारांचा. आत शिरताना पायांत वेगळे जोडे, अंगावर वेगळा अंगरखा. गाळलेल्या हवेचा एकसुरी नाद तिथे अखंड चाले. भिंतीलगतच्या इन्क्युबेटरांत, मानवी देहाच्या उबेत, गुलाबी पोषकद्रवाच्या चपट्या बाटल्या आडव्या निजलेल्या असत आणि प्रत्येकीच्या तळाशी भक्षक पेशींचा एकेरी थर पसरलेला असे. संस्थेत कोणालाही या पेशी लागल्या की त्याने बाईंकडे मागाव्यात आणि बाईंनी स्वहस्ते बाटली काढून द्यावी, अशी रीत होती. बाटलीचे वय कोणी विचारीत नसे. विचारणे हा बाईंचा अवमान ठरला असता. वयाला महत्त्व नव्हते असे मात्र नाही. पेशी वाढवून वाढवून पिढ्या फार झाल्या की त्या थकतात. दिसायला तशाच, पण त्यांची भूक मेलेली असते. अशा बाटल्या बाई ब्लीचमध्ये रित्या करीत. तरुण कोणती नि थकलेली कोणती, हे नुसत्या नजरेने ओळखणारे डोळे त्या इमारतीत दोनच होते आणि ते दोन्ही बाईंच्याच कपाळाखाली होते.

बाईंच्या संशोधनाचा विषय मात्र ही पेशी आणि तिच्या घरी येणारा एक विलक्षण अतिथी, असा होता. सामान्य विषाणू म्हणजे जिवाणूंनाही अडवणाऱ्या गाळणीतून सहज निसटून जाणारा कण. परंतु साचलेल्या पाण्यात, जुन्या टाक्यांच्या गाळात असेही विषाणू असतात, जे आकाराने जिवाणूंच्या पंक्तीला बसतात. विषाणू गाळणीवर राहत नाही, ही पूर्वसूरींची समजूत. म्हणून गाळणीवर राहिलेले हे महाविषाणू दीर्घकाळ कोणाच्या ध्यानातच आले नाहीत. भक्षक पेशीचीही अशीच फसगत होते, असे बाईंचे प्रतिपादन होते. ती त्याला जिवाणू समजून कवटाळते आणि अंगालगत घट्ट बसणाऱ्या पिशवीत गुंडाळून गिळते. आत गेल्यावर तो आपल्या कवचाच्या एका टोकाशी असलेले ताऱ्याच्या आकाराचे द्वार उघडतो, पिशवीच्या भिंतीशी एकरूप होतो आणि आपले सारे बीज पेशीत ओततो. मग जिने गिळले, तीच त्याचे सूतिकागृह होते. “तो दार फोडत नाही. तिनं घास समजून त्याला आत घेतलेलं असतं,” हे बाईंचे वाक्य संस्थेत सर्वांना पाठ होते.

सर्वांना म्हणजे, धाकटीखेरीज.

धाकटी म्हणजे बाईंच्या दिराची पत्नी, त्यांची जाऊ. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर तिचा हात बसलेला होता. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा बाईंनीच संस्थेच्या प्रमुखांकडे, ज्यांना सारे आदराने आणि किंचित थट्टेनेही ‘आचार्य’ म्हणत, तिच्यासाठी शब्द टाकला होता. “माझी जाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण मुलगी हुशार आहे,” असे त्या म्हणाल्या होत्या. हुशार आहे हे म्हणताना ती किती हुशार असावी, याची मर्यादा मनुष्य मनात गृहीत धरतो. धाकटीने ती पाळली नाही.

तिचे म्हणणे असे की, भक्षक पेशी नुसती खात नाही, ती पितेही. पृष्ठभागावर लाटेसारख्या घड्या उठतात, त्या मागे वळून पडतात आणि भोवतालच्या द्रवाचा एक घोट आत कोंडला जातो. घास घेताना पेशी अंगाला अंग लावून पारख करते. घोट घेताना तशी पारख होत नाही. महाविषाणू या घोटाबरोबरही आत जातो, असा तिचा तर्क होता. तर्क सुंदर होता. बाईंना तो प्रथम ऐकताच सुंदर वाटला, आणि त्या क्षणापासून त्या धाकटीला पाण्यात पाहू लागल्या.

एका सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्या होत्या. बाईंचे यजमान घड्याळे दुरुस्त करीत. डोळ्याला भिंग लावून ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होते. धाकटी लवकर संस्थेत गेली होती. तिचे यजमान नोकरीनिमित्त परगावी असत.

“अगं, तुमचा तो राक्षस मला कळला बरं का काल!” सासूबाई उत्साहाने म्हणाल्या. “धाकटीनं सांगितला. पेशी त्याला घास म्हणून खाते, हे एक. आणि पाणी पिताना घोटाबरोबर तो पोटात जातो, हे दुसरं. पाण्यातून चिलट जातं ना नकळत, तसं. खरं काय ते अजून ठरायचंय म्हणे.”

“ठरायचंय असं म्हणाली ती?”

“‘ताई म्हणतात घास, मी म्हणते घोट’ असं म्हणाली. चांगली मान देऊन म्हणाली हो! नाहीतर तू. इतकी वर्षं त्या संस्थेत जातेस, पण कधी अवाक्षर कळलं असेल मला तर शपथ.”

“आई, मलाही कळत नाही,” यजमान भिंग न काढता म्हणाले. “मी नुसती मान हलवतो. आमचा संसार त्या मानेवर उभा आहे.”

“तुम्ही त्या घड्याळात बघा,” बाई म्हणाल्या. “दोन दिवस झाले, तेही तुम्हाला कळलेलं नाही.”

सासूबाई खळखळून हसल्या. बाईही हसल्या. परंतु त्या हसण्याखाली काही धुमसत होते. चिलटाचा दृष्टांत त्यांना कधी सुचला नव्हता.

त्या वर्षीच्या संमेलनात संस्थेतर्फे महाविषाणूवर एकच व्याख्यान व्हायचे होते. आचार्य निवृत्तीला आले होते. जो ते व्याख्यान देईल त्याच्याकडेच पुढे महाविषाणूंचा नवा विभाग जाणार, हे त्यांनी लपवून ठेवले नव्हते. धाकटी येण्यापूर्वी या विषयात दुसऱ्या नावाचा उच्चारच होत नसे. आता आचार्य दोघींची नावे एका श्वासात घेत, आणि बाईंना तो श्वासच सहन होत नसे.

धाकटीच्या वाटेत एक धोंड मात्र होती. पेशीचे खाणे थांबवणारे जे औषध होते ते तिचे पिणेही थांबवी, कारण दोन्ही क्रिया पेशीच्या त्याच स्नायुवत् तंतूंच्या बळावर चालतात. खाणे बंद आणि पिणे चालू, अशी पेशी मिळाल्याशिवाय घोटाचा पुरावा उभा राहणार नव्हता. आणि तशी पेशी कोणी पाहिलेली नव्हती. शिवाय आचार्यांनी अट घातली होती: “आधी साधी मोजणी करा. निरोगी पेशी, निरोगी विषाणू, औषध काहीही नको. थोरल्या बाईंना जितक्या पेशींत विषाणू सापडतो तितक्यांत तुम्हालाही सापडला, म्हणजे तुमच्या हातावर माझा विश्वास बसेल. मग घोटाचं बघू.” अट न्याय्य होती. ती पुरी करण्यास धाकटीला बाईंकडूनच पेशी घ्याव्या लागणार होत्या.

ती दुपारच्या जेवणानंतर आली. कक्षाच्या आतल्या दाराला एक काच होती. तिच्यावर तिने नखाने टकटक केले.

“जाऊबाई, आहात का घरात?”

“ये. जोडे बदल आधी.”

“बदलले. ताई, एक बाटली द्या ना. चांगली भुकेली बघून द्या हं. तुमच्या मोजणीशी गाठ आहे माझी!”

“भुकेली म्हणे. मंडईत आली आहेस का तू?”

“मंडईत मी दहा ठिकाणी दाबून बघते. इथं काय बघायचं? तुमच्या हातची म्हटल्यावर डोळे मिटून घ्यायची.”

बाईंनी इन्क्युबेटरचे दार उघडले. वरच्या फळीवर तरुण बाटल्या होत्या. खालच्या फळीवर, कोपऱ्यात, एक बाटली ब्लीचसाठी बाजूला काढलेली होती. त्याच सकाळी त्यांनी तिची परीक्षा घेतली होती: मोठ्या जिवाणूएवढे, घोटात न मावणारे चमकणारे मणी पेशींवर सोडायचे आणि त्या गिळतात का ते पाहायचे. या बाटलीतल्या पेशींनी एकही मणी गिळला नव्हता. मणी पेशींभोवती तसेच पडून राहिले होते, अंगणात विसरलेल्या खेळण्यांसारखे.

बाईंचा हात प्रथम वरच्या फळीकडे गेला होता, हे नमूद करणे न्यायाचे होईल. पण डोळे मिटून घेणाऱ्या त्या हसऱ्या चेहऱ्याचे प्रतिबिंब इन्क्युबेटरच्या काचेत पडलेले होते, आणि बाईंना चिलट आठवले. हात खाली आला.

“ही घे.”

“किती जपून धरता हो तुम्ही. बाळाला धरावं तशी.”

“हलवू नकोस जाताना,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

मत्सर जेव्हा कृतीत उतरतो तेव्हा त्याची आग काही काळ शमते, असे अनुभवी लोक सांगतात. पुढचे काही दिवस बाई खरोखर प्रसन्न होत्या. घरी त्यांनी धाकटीला दोनदा ताटावर आग्रह केला. सासूबाईंनी ते पाहिले आणि त्यांना फार बरे वाटले.

मोजणी पुरी झाली तेव्हा धाकटीचा चेहरा उतरला होता. ती बाईंना सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत घेऊन गेली. खोलीत पडदे ओढलेले होते. पडद्याच्या कडेने उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती.

“ताई, माझं काहीतरी चुकतंय. विषाणू ठीक आहे, मी तपासला. बाहेर चिकटलेले धुऊन काढले. पण तुम्हाला बहुतेक पेशींत सापडतो तो, मला कुठंतरी एखादीत. बघा ना, शोधून शोधून डोळे फुटायची वेळ आली.”

“हात नवा आहे तुझा या कामाला.”

“तसंच असेल. उद्याच्या बैठकीत सांगून टाकते. माझी मोजणी जुळत नाही, तेव्हा घोटाचं मी मागं घेते.” ती किंचित हसली. “आईंना सांगा, चिलट मेलं.”

बाईंनी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरचे चित्र पाहिले, आणि त्यांना पुढचे शब्द ऐकू आले नाहीत.

चित्रात एक पेशी होती, आणि तिच्यात तो होता: बहुकोनी, काळाभोर, भोवती तंतूंची दाट झालर. तो घट्ट पिशवीत नव्हता. एका मोठ्या, सैल, पाणथळ फुग्यात तो तरंगत होता. अंगाभोवती मोकळी जागा, जणू दिवाणखान्यात एकटाच उभा असलेला पाहुणा. त्याचे ताऱ्यासारखे द्वार उघडू लागलेले होते. दुसऱ्या चित्रातही तसाच फुगा. तिसऱ्यातही तसाच. घास घट्ट असतो आणि घोट सैल. हे चित्र दुसऱ्या कोणत्याही बाटलीतले असते तर त्याचे मोल थोडेच असते, कारण खाणाऱ्या पेशीत पिशवी कधी कधी मागाहूनही फुगते. परंतु या पेशी खातच नव्हत्या. त्यांनी एक मणीही गिळला नव्हता. जो आत गेला होता तो केवळ घोटाबरोबरच गेला असणार. खाणे बंद आणि पिणे चालू अशी जी पेशी जगात कोणाला मिळत नव्हती, ती बाईंनी स्वतःच्या हाताने धाकटीला देऊन टाकली होती.

आणि धाकटीला ते ठाऊक नव्हते. करायला गेले एक आणि झाले भलतेच. पण झाले ते पाहणारी एकच व्यक्ती होती.

“चित्रं छान आली आहेत,” बाई म्हणाल्या.

“चित्रांना काय करायचंय, ताई. मोजणी हवी होती.”

त्या दुपारी बाईंनी आपल्या कक्षाचे दार लावून घेतले. बाटली धाकटीला देताना त्याच पेशींचा थोडा अंश, परीक्षेच्या बशीत, त्यांच्याकडे उरला होता. त्यांनी त्यांवर रंगीत द्रव सोडला. पेशी पीत असतील तर रंग आत दिसेल. थोड्या वेळाने त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिले. प्रत्येक पेशीत लहानमोठे रंगीत बिंदू तरंगत होते. थकलेल्या, भूक मेलेल्या त्या पेशी निवांतपणे पाणी पीत होत्या.

बाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. असे दर्शन आयुष्यात क्वचित घडते, आणि घडते तेव्हा मनुष्याने हात जोडावेत. बाईंच्या मनात मात्र पहिला विचार आला तो असा: हे मलाही करता येईल. धाकटीने उद्या माघार घ्यावी. संमेलनात घासावर व्याख्यान द्यावे. मग विभाग हाती आल्यावर, सवडीने, या थकलेल्या पेशी घेऊन, घोटाचा मार्ग आपणच शोधल्याचे जाहीर करावे. धाकटी काय म्हणेल? तिने तर तो सर्वांसमक्ष सोडून दिलेला असेल. टाकलेली वस्तू उचलणे ही चोरी नव्हे, असे बाईंनी स्वतःला सांगितले. ते त्यांना जवळजवळ पटले.

संध्याकाळी जेवताना धाकटी त्यांच्या शेजारी बसली होती. ती फारशी बोलली नाही. बाईंनी तिच्या ताटात न मागता भात वाढला.

दुसऱ्या दिवशीची बैठक लांब टेबलाच्या खोलीत झाली. सारे सहकारी होते. आचार्य टेबलाच्या टोकाशी, हात पोटावर बांधून, डोळे अर्धे मिटून बसले होते. धाकटी उभी राहिली आणि तिने कसलीही सारवासारव न करता सांगितले की तिची मोजणी थोरल्या बाईंच्या मोजणीशी जुळत नाही. दोष तिच्या हाताचा असावा. आणि अशा हाताने घोटाचा मार्ग सिद्ध करू पाहणे योग्य नाही. “ताईंचं म्हणणं खरं आहे असं आज तरी मला मानावं लागेल. संमेलनात त्यांनीच बोलावं. मी चित्रं काढून देईन.”

मग आचार्यांनी डोळे उघडले.

“मी आजवर पुष्कळ बैठका पाहिल्या,” ते सावकाश म्हणाले. “लोक आपला तर्क मेलेल्या मुलासारखा कवटाळून बसतात. या बाईंनी तो खाली ठेवला. ज्ञान पुष्कळांकडे असतं, असं मन नसतं. थोरल्या बाई, व्याख्यान तुम्ही द्याल हे ठरलंच. पण रागावू नका, आजच्यापुरत्या धाकट्याच बाई थोरल्या.”

कोणीतरी टाळी वाजवली. मग सर्वांनीच वाजवल्या. बाईंच्या शेजारी बसणारा, रसायनांचा साठा सांभाळणारा सहकारी तर डोळे पुसत होता. बाईंना व्याख्यान मिळाले होते. विभाग मिळाल्यात जमा होता. टाळ्या मात्र टेबलाच्या पलीकडे पडत होत्या.

बाईंनी धाकटीकडे पाहिले. ती लाजून खाली बसत होती, आणि बसताना तिने बाईंकडे पाहून हलकेच मान लववली. घ्या ताई, तुमचे तुम्हाला, असे म्हणावे तशी. म्हणजे बाईंचा विजय हेही हिचेच दान ठरले. पराभवातही ही मोठी. उद्या घरी हे सांगितले जाईल, आणि सासूबाई म्हणतील, माझी धाकटी गुणाची. हरली, पण हसून हरली. जन्मभर बाई त्या व्यासपीठावर उभ्या राहतील, ते तिने सोडले म्हणून. बाईंच्या मस्तकात रक्त चढले. काल जे विवेकाला साधले नव्हते ते आता मत्सरानेच एका झटक्यात करून टाकले.

“टाळ्या कसल्या वाजवताय?” त्या म्हणाल्या. आवाज इतका मोठा निघाला की रसायनवाल्या सहकाऱ्याचा रुमाल हातातच राहिला. “ती हरलेली नाही. हरली नाहीच तर मन मोठं कसलं? तिच्या पेशी खातच नव्हत्या!”

“म्हणजे?” आचार्य म्हणाले.

“म्हणजे थकलेल्या होत्या. भूक मेलेल्या. मणी गिळत नव्हत्या. ब्लीचमध्ये घालायची बाटली होती ती. मी दिली.”

“चुकून?”

हा एक शब्द आचार्यांनी कदाचित दयेने पुढे केला असावा. बाई तो घेऊ शकल्या असत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “बघून दिली.”

कोणी कोणाकडे पाहत नव्हते. धाकटी तेवढी बाईंकडे एकटक पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अजून तरी. तिथे दुसरेच काही वेगाने जुळत चालले होते. तिचे ओठ हलले.

“खात नव्हत्या,” ती पुटपुटली. “मग तो आत कसा गेला? ताई, ते सैल फुगे... पितात का त्या?”

“पितात. रंग सोडून बघितला मी. सगळ्या पितात.”

“पितात!” धाकटी उठून उभी राहिली. क्षणभर तिचा चेहरा इतका उजळला की बाईंना तिकडे पाहवेना. “खाणं बंद आणि पिणं चालू! अहो, मग हेच तर—” आणि ती थांबली. “रंग कधी सोडलात?”

बाईंनी समोरचा कागद सरळ केला.

“कधी, ताई?”

“काल. दुपारी.”

चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला.

“बाटली दिलीत ते एकवेळ समजू शकेन मी,” धाकटी खालच्या आवाजात म्हणाली. “क्षणाचा राग येतो माणसाला. पण काल दुपारी तुम्हाला सगळं दिसलं होतं. आणि संध्याकाळी माझ्या शेजारी बसून जेवलात. मला भात वाढलात.”

टेबलावरचे आपले कागद तिने गोळा केले, ते नीट जुळेनात तेव्हा तसेच उचलले आणि ती बाहेर गेली.

आचार्यांचा निर्णय त्याच दिवशी झाला. संमेलनात धाकटी बोलेल. यापुढे ज्याने त्याने आपल्या पेशी आपण वाढवाव्यात आणि प्रत्येक बाटलीवर तिचे वय लिहावे. विभागाचे पुढे पाहू, असे ते म्हणाले. पण ते म्हणताना त्यांनी एकच नाव घेतले. बाईंना त्यांनी एकांतात बोलावले आणि म्हणाले, “सत्य बोललात. पण ज्या तोंडानं बोललात ते बघून मला आनंद झाला नाही.” बाईंनाही झाला नव्हता.

तरी एक गोष्ट आचार्यांच्या निर्णयाने सुटत नव्हती. थकलेल्या पेशी फार नाजूक असतात. धाकटीच्या बाटलीतल्या पेशी मोजणीत संपल्या होत्या. पुरावा पक्का करायचा तर तशाच पेशी नव्याने तयार कराव्या लागणार होत्या, आणि खाणे सुटावे पण पिणे सुटू नये, अशा नेमक्या वयावर त्यांना जिवंत धरून ठेवावे लागणार होते. ती कला पुस्तकात नव्हती. संमेलन जवळ आले होते.

दोन दिवस धाकटी कक्षात आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आतल्या दाराच्या काचेपलीकडे ती उभी दिसली. तिने टकटक केले नाही. जोडे बदलले, अंगरखा चढवला, हातमोजे घातले आणि आत येऊन बाईंच्या शेजारी, एका हाताचे अंतर ठेवून, काम करायच्या जागेशी बसली.

“दाखवा,” ती म्हणाली.

बाईंनी एक बाटली उजेडात धरली. पेशी कशा दिसतात ते सांगितले: कडा किती पसरल्या की समजावे, रंग कुठे फिका झाला की थांबावे. जुना द्रव काढताना पिपेटचे टोक तळाला लावायचे नाही, बाटलीच्या भिंतीला टेकवायचे. नवा द्रव घालायचा तो धार न पाडता, भिंतीवरून ओघळत. आपली विद्या अशी दुसऱ्याच्या हातात उतरवून देताना बाईंना पुन्हा चिलट आठवले. धाकटी लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने दुसरी बाटली घेतली आणि तेच स्वतः करू लागली. पहिल्यांदा तिची धार जोरात पडली. तळाचा थर एका बाजूने सुटून तरंगू लागला.

“हळू,” बाई म्हणाल्या.

तिने ती बाटली बाजूला ठेवली आणि नवी घेतली. या वेळी द्रव भिंतीवरून नि:शब्द ओघळला. तळाचा थर हललाही नाही. पहिल्या दिवशी इतके नितळ काम बाईंना स्वतःलाही जमले नव्हते. त्यांना ते स्पष्ट आठवत होते. गप्प राहिले तर धाकटीला ते कळणार नव्हते, आणि ती उरलेली सकाळ उगाचच पुन्हा पुन्हा करीत बसली असती. बाईंनी ओठ घट्ट मिटले. हवेचा नाद चालू राहिला.

“बरोबर आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “असंच हवं. मला इतक्या लवकर नव्हतं जमलं.”

धाकटीने मान वर केली नाही. झाकण फिरवून तिने बाटली आडवी ठेवली. पूर्वीची असती तर काहीतरी विनोद केला असता, जाऊबाई म्हणाली असती, किमान ताई तरी.

“पुढे?” तिने विचारले.

बाईंनी पुढचे सांगितले.